कूलरमधली बिअर आणि दुसरा ग्लास

माणसाचं एखादं काम नीट झालं तर त्याचा किस्सा होत नाही. आमच्या कॉलेजात कुणाला पीएचडी मिळाली की पेढे खातो, हात धुतो, विषय संपतो. पण कुणाचं काही फसलं की ते लोणच्यासारखं मुरत जातं. आमच्या शिवाची बिअर तशीच मुरलेली आहे. प्यायली तेव्हा कुणाला फारशी आवडली नाही, पण तिच्यावर आमच्या स्टाफरूमनं किती डबे संपवले विचारू नका! कुणीतरी म्हणतं, "मोरे सर, ते कूलरचं सांगा ना," आणि पुढचा तास माझाच आहे, हे मी साफ विसरतो.

आधी माणसं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. नांदेडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही तिघं शिकवतो. शिवा म्हणजे शिवकुमार, केमिकलचा, मूळचा अहमदपूरचा. गजानन सर सिव्हिलचे. जन्म लातूरकडच्या मुरुडचा, पण सगळी उमर लातूर शहरात गेलेली. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. तिसरा मी, ड्रॉइंग शिकवतो. या सगळ्या प्रकरणात माझं काम प्यायचं आणि नंतर सांगायचं, एवढंच. शिवा विष्णुपुरीच्या रस्त्याला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. त्याची बायको वैशालीवहिनी शाळेत मराठी शिकवतात. व्याकरणात आणि घरात पूर्णविराम त्यांचाच असतो.

*

सुरुवात वर्गात झाली. शिवा फर्मेंटेशन हा धडा वर्षानुवर्षं शिकवतोय. फळ्यावर यीस्टची चित्रं इतकी सुरेख काढतो की पुसायला जीव होत नाही. एका उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा तास रंगात आला होता, तेवढ्यात देगलूरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, हे तुम्ही स्वतः कधी करून बघितलंय का?"

वर्ग हसला. शिवाही हसला. पण पोहायला न येणाऱ्या माणसाला पोहण्याच्या मास्तरकीवर कुणी पकडावं, तसं त्याचं झालं. घरी जाऊन तो धड जेवलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता त्यानं जाहीर केलं, "मी बिअर करणार. जड न्हाई. हलकी, फळांची, उन्हाळ्यात प्यायची. बेंगळुरूला कॉन्फरन्सला गेलो होतो तवा प्यालो होतो. टेबलावरचा एकेक माणूस दुसरा ग्लास मागत होता!"

घरी हेच सांगितलं तेव्हा वहिनींनी एकच विचारलं. "आणि अप्पांना कळलं तर?"

अप्पा म्हणजे शिवाचे वडील. अहमदपूरला मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, त्यांचं दुकान आहे. पक्के लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत. ज्या हॉटेलात बाटली उघडते त्या हॉटेलाच्या सावलीतसुद्धा ते उभे राहत नाहीत, ऊन कितीही असो! शिवा आता चाळिशीचा आहे, पण अप्पांचा फोन आला की बसलेला माणूस उठून उभा राहतो आणि मग हॅलो म्हणतो.

"अप्पांना कशाला कळतंय?" शिवा म्हणाला.

वहिनींनी विचार केला. नवरा उपाशी झोपलेला त्यांनाही बघवला नसावा. म्हणाल्या, "हा एक उन्हाळा करून बघा. पण एका माणसानं तरी आपण होऊन दुसरा ग्लास मागितला पाहिजे. मागितला, तर मी मानलं तुम्हाला. न्हाई मागितला, तर बिअरला घ्याल ती बादली माझी, आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा न्हाई."

"एकच ना?" शिवा म्हणाला. बिचारा!

*

पहिल्या खेपेला त्यानं यीस्ट आणलं ते बेकरीतून. जव भिजवले, मोड आणले, गच्चीवर वाळवले. अर्धे पोपटांनी नेले, उरलेले भरडून उकळले. त्यात आंब्याचा रस घातला. रविवारी आम्हाला बोलावलं. ग्लास समोर आला. रंग चांगला होता, फेसही होता. मी घोट घेतला. आंब्याच्या रसात कुणी शिळा पाव बुडवून विसरून गेलं असावं, अशी चव होती.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला ठाऊक असेलच. पाहुण्यानं आपण होऊन काही मागायचं नसतं. यजमानानं वाढायचं, पाहुण्यानं "नको नको, लई झालं" म्हणत ताटावर आडवा हात धरायचा, यजमानानं हाताच्या फटीतून वाढायचंच. म्हणजे पदार्थ आवडला असला तरी "नको", नावडला असला तरी "नको"! अशा मुलखात दुसरा ग्लास मागून घ्यायची अट म्हणजे शिवानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, पण हे त्याला त्या रविवारी कळलं.

गजानन सर भिडस्त माणूस. चव जिभेला लागू नये म्हणून त्यांनी डोळे मिटून आख्खा ग्लास एका दमात घशाखाली लोटला. ही त्यांची चूक झाली. आमच्याकडं रिकामा ग्लास म्हणजे पाहुणा उपाशी! शिवा जग घेऊन धावला आणि ग्लास पुन्हा काठोकाठ भरला. गजानन सरांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी डोळे मिटले आणि तोही लोटला.

शिवा आनंदानं ओरडला, "वैशाली! दुसरा ग्लास! गजानन सरांनी दुसरा घेतला!"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "मागितला न्हाई, वाढला. कर्ता तुम्ही होता."

गजानन सर तोवर बाथरूममध्ये होते.

*

दुसऱ्या खेपेला शिवानं शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. बिअरचं खरं यीस्ट कुरिअरनं मागवलं. बाटल्या, बादली, पळी, सगळं जंतू मारणाऱ्या पावडरीच्या पाण्यानं धुवायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं, असा नियम. धुण्याचं काम घेतलं गजानन सरांनी. पहिल्या खेपेनंतरही ते मदतीला आले, यावरून माणूस किती चांगला आहे बघा.

सगळं धुतलं. जवाचं पाणी उकळलं, गार केलं, त्यात टरबुजाचा रस घातला, यीस्ट सोडलं, झाकण लावलं. आता बुडबुडे यायला पाहिजेत. पण आलेच नाहीत. शिवा रोज कॉलेजातून घरी आला की चपला न काढता बादलीला कान लावायचा. आठवडा गेला तरी बादली मुकाट होती. शिवानं यीस्ट कंपनीला नावं ठेवली, नांदेडच्या उन्हाला नावं ठेवली, टरबुजालाही सोडलं नाही.

शेवटी मी विचारलं, "पाणी कुठलं घेतलं होतं?"

गजानन सर म्हणाले, "तेच की. बाटल्या धुतलेलं."

शिवा खाली बसला. "जंतू मारायचं पाणी? त्यात यीस्ट टाकलं? सर, यीस्ट म्हणजे जंतूच की हो!"

"मग आधी सांगायचं ना! मला वाटलं, बाटल्या तर नव्याच होत्या, पाणी चांगलं सोच्छ हाय. बादलीभर पाणी तुम्ही मोरीत ओतायला निघाला होता, सर!" गजानन सर खरोखर चिडले होते. "आमच्या लातूरला नळाची वाट बघण्यात माणसाचे केस पिकतात. ह्या एवढ्या पाण्यात आमच्या घरी आंघोळ झाली असती, मग फरशी, मग गाडी, आणि शेवटी लिंबाचं झाड! तुमच्या चार जंतूंसाठी मी पाणी फेकू का?"

 बिअर मेली होती, ती मोरीत ओतायला शिवा उठला, तर गजानन सरांनी बादली हातातून काढून घेतली आणि खाली जाऊन घरमालकांच्या कर्दळीला घातली. ती कर्दळ महिनाभर फुलली नाही.

*

तिसऱ्या खेपेच्या वेळी कुरड्यांचे दिवस आले. उन्हाळ्यात आमच्याकडं घरोघरी गहू भिजत पडलेले असतात. रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि गच्चीवर कुरड्या घालायच्या. म्हणजे शिवाच्या घरात आता दोन बादल्या. एकीत वहिनींचे गहू, एकीत शिवाचे जव. दोन्हींवर पांढरं फडकं बांधलेलं, आणि वासही दोन्हींना सारखाच. आंबलेल्या धान्याला बिअरची किंवा कुरडईची जात नसते.

वहिनींची शाळा होती. त्यांनी गजानन सरांना फोन केला, "सर, जाता जाता तेवढी बादली गिरणीवरनं वाटून आणाल का?" गजानन सरांनी आणली. कुठली, ते तुम्ही ओळखलंच असेल.

वहिनींना चीक जरा काळपट वाटला. म्हणाल्या, यंदा गहूच तसा आला असेल. गल्लीतल्या बायका जमल्या, गच्चीवर धोतर अंथरलं, सोऱ्या चालू झाला. सोऱ्यातून कुरडई काही पडेना. सालपटं अडकून बसायची आणि मग एकदम भस्सकन गोळा पडायचा. शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वैशाली, ह्या कुरड्या हायेत का गोवऱ्या?"

इकडं शिवानं दुसरी बादली घेऊन गव्हाची बिअर लावून टाकली होती. केमिकलचा डॉक्टर! फळ्यावर काढून दाखवलं असतं तर धान्य ओळखलं असतं, पण बादलीत कसं ओळखणार? वहिनी गच्चीवरून खाली आल्या तेव्हा त्याला चूक कळली. तो म्हणाला, "वैशाली, अगं, परदेशात गव्हाची बिअर फार मानाची असते."

"मग कुरड्या पण परदेशातूनच मागवा," वहिनी म्हणाल्या. वर्षभर त्या घरात कुरडई तळली गेली नाही.

पण खरं सांगतो, ती गव्हाची बिअर पहिल्यांदाच पिण्यासारखी झाली होती. गढूळ होती, पण हलकी. मी ग्लास संपवला आणि मला कुणी धरून बसवलं नव्हतं. दुसरा मात्र मागितला नाही. शिवा माझ्याकडं आशेनं बघत होता. मी मुद्दाम गप्प बसलो, कारण मैत्रीखातर मागितला असता तर वहिनींनी तोंडावरून ओळखला असता, आणि शिवालाही तो गोड लागला नसता.

*

आता कूलर.

नांदेडचा मे महिना म्हणजे काय, ते भोगणाऱ्यालाच कळतं. यीस्टला गारवा लागतो. आमच्याकडं माणसालाच मिळत नाही, तिथं यीस्टला कुठून? बादली फ्रिजमध्ये मावेना. मग शिवाच्या डोक्यात कल्पना आली. हॉलमध्ये वाळ्याचे पडदे लावलेला मोठा लोखंडी कूलर होता. त्याच्या खालच्या टाकीत पाणी दिवसभर गार असतं. त्यानं काचेच्या बाटल्यांत चौथ्या खेपेची बिअर भरली, घट्ट बुचं मारली आणि बाटल्या कूलरच्या पाण्यात उभ्या केल्या.

रविवारची दुपार. आम्ही हॉलमध्ये लवंडलो होतो. वाळ्याचा थंडगार वारा, डोळे मिटायला लागलेले. तेवढ्यात कूलरच्या पोटात धाड्कन आवाज झाला. मग दुसरा. मग लग्नाच्या वरातीतल्या फटाक्यांसारखी माळच लागली! आत गॅस झाला होता, बुचं घट्ट होती, एकीच्या दणक्यानं दुसरी फुटली. आणि कूलरचा पंप आपलं काम इमानेइतबारे करत राहिला. टाकीतली बिअर उचलायची, पडद्यांवर सोडायची, पंख्यानं बाहेर फेकायची. अर्ध्या मिनिटात आख्खं घर, जिना आणि खालचं अंगण दारूच्या गुत्त्यासारखं घमघमायला लागलं.

शिवा बटण शोधत होता तेवढ्यात दार वाजलं. घरमालक देशमुख काका! सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, एवढं आम्हाला ठाऊक होतं. कुठल्या खात्यातून, ते विचारायचं कधी कुणाला सुचलं नव्हतं.

काका आत आले.  कूलरसमोर खुर्ची ओढून बसले, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. मग म्हणाले, "मी दारूबंदी खात्यात होतो, ठावं हाय का?"

शिवाचा चेहरा वाळ्याच्या रंगाचा झाला.

"सगळी नोकरी हातभट्ट्या फोडण्यात गेली. नाल्यात लपवलेली बघितली, गवताच्या गंजीत बघितली, एकानं तर विहिरीत सोडली होती. पण कूलरमधून सगळ्या गल्लीला दारू पाजणारा माणूस मी पहिल्यांदाच बघून राहिलो!"

 काकांनी हात पुढं केला. "एखादी बाटली वाचली असंल तर आणा."

एक वाचली होती. काकांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. आम्ही त्यांच्या गळ्याकडं बघत होतो. गिळायला त्यांना वेळ लागला.

"केस होणार न्हाई," ते म्हणाले. "ही दारू हाय, हे कोर्टात कोण सिद्ध करणार?"

शिवाला हायसं वाटायला हवं होतं. पण तो माणूस दुखावला! "काका, पण... दुसरा ग्लास?"

"बाळा, आधी हा कसा संपवायचा ते सांग." काका उठले. दारात थांबून म्हणाले, "आणि बुचं ढिली ठेवत जा."

*

उन्हाळा उतरणीला लागला. वहिनींनी बादली घासून ठेवायचीच बाकी होती. शिवा त्या देगलूरच्या मुलीचा तास आला की घसा खाकरून फळ्याकडं वळायचा. मला त्याची खरंच कीव आली. माणूस काही मोठं मागत नव्हता, एक ग्लास मागत होता, तोही दुसऱ्यानं मागावा म्हणून.

शेवटी वहिनींनाच राहवलं नाही. त्यांनी आपल्या हातानं डब्यातले गहू मोजून दिले. "अर्धे जव घ्या, अर्धे हे घ्या. तुमची तीच एक बरी झाली होती. आणि धने जरा ठेचून टाका, उगं फळांचा चिखल करू नका." शिवानं इतवाऱ्याच्या बाजारातून मोसंब्या आणल्या. साल किसून घातली, रस शेवटी घातला. पाणी नवं घेतलं. गजानन सरांना त्या दिवशी बोलावलंच नाही. बादली कूलरच्या पाण्यात ठेवली, झाकण ढिलं.

बिअर तयार झाली त्या रविवारी दुपारी गजानन सरांसकट आम्ही जमलो. स्टीलच्या जगात फिकट पिवळी, गढूळ, बारीक बारीक बुडबुड्यांची बिअर होती. मोसंबीचा वास असा आला की तोंडाला पाणी सुटलं. शिवा पहिला ग्लास भरणार, तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

शिवा उठून उभा राहिला. फोन नव्हता, साक्षात अप्पा!

डोळे दाखवायला आले होते. न सांगता एसटीत बसून आले होते. धोतर, टोपी, कपाळाला विभूती, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. वहिनी पाणी आणायला माठाकडं धावल्या. शिवानं पिशवी घेतली आणि ती कुठं ठेवायची ते त्याला कळेना, म्हणून पोटाशी धरून उभा राहिला. अप्पा खुर्चीवर टेकले, त्यांची नजर टेबलावर गेली.

"मोसंबीचं शरबत का?"

हा प्रश्न त्यांनी जवळ बसलेल्या गजानन सरांना विचारला. वडीलधाऱ्या माणसानं विचारलं तर गजानन सरांना एकच उत्तर येतं.

"हाव!" ते म्हणाले, आणि त्यांच्या हातांनी त्यांना न विचारता ग्लास भरला.

अप्पा ग्लासाला ओठ लावत नाहीत. मान मागं टाकून वरून धार सोडली. घसा खालीवर होत राहिला.  ग्लास रिकामा झाला. मिशीवर फेस होता. तो त्यांनी उपरण्यानं पुसला आणि रिकाम्या ग्लासात बघितलं.

"सोडा घातला व्हय ह्यात?"

"हाव, अप्पा," शिवा पिशवीच्या मागून म्हणाला.

आणि अप्पांनी ग्लास पुढं केला. "चांगलं हाय की. अजून एक दे."

आख्ख्या उन्हाळ्यात जे वाक्य ऐकायला शिवाचे कान आसुसले होते, ते हेच! भिडेनं नाही, मैत्रीखातर नाही, कुणी आग्रह केला नव्हता. आपण होऊन मागितलं होतं. आणि मागणारा माणूस कोण? मी शिवाच्या तोंडाकडं बघितलं. असा हसू आणि रडू यांच्या मधोमध अडकलेला चेहरा मी पुन्हा कुणाचा बघितला नाही. त्याचा हात जगाकडं गेला. मग थांबला. मग त्यानं जग उचलून छातीशी धरला.

"संपलं, अप्पा."

जग अर्ध्याहून जास्त भरलेला होता. शिवाच्या हातात तो हिंदकळला, त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. अप्पांनी जगाकडं बघितलं, मग लेकाकडं बघितलं. "बरं," म्हणाले, आणि कूलरसमोर सतरंजीवर आडवे झाले. लगेच घोरायला लागले.

स्वयंपाकघरात वहिनी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हसून की कशानं, ठाऊक नाही. हळूच म्हणाल्या, "मागितला हो. मी मानलं तुम्हाला."

*

आता शेवटचं सांगतो आणि तासावर जातो.

पुढच्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये शिवाचा फोन वाजला. तो उभा राहिला म्हणून आम्हाला कळलं, अप्पा. त्यांचा आवाज इतका मोठा की स्पीकर लावायची गरज नव्हती.

"शिवा, आज्जाच्या नावानं आपण स्टँडजवळ पाणपोई चालवतो. आता मिरग लागायच्या आधी तिथं एक दिवस पाण्यासंगं तुझं ते मोसंबीचं वाटायचं म्हणतो. मठातले स्वामी येणार हायेत. दोन रांजण भरतील एवढं करून आण."

फोन बंद झाला. शिवा उभाच होता.  शेवटी गजानन सर गंभीरपणे म्हणाले, "दोन रांजण म्हणजे धुवायलाच पाणी किती लागंल!"

शिवानं आणि वहिनींनी शनिवारची आख्खी दुपार मोसंब्या पिळल्या. साधं शरबत केलं. साखर, मीठ, जिरं, वरून सोडा. एक थेंबही इकडचा तिकडं नाही. आम्ही चौघं गाडीत कॅन घालून अहमदपूरला गेलो. मांडव घातला होता, रांजणांना ओलं फडकं गुंडाळलं होतं. स्वामींनी पहिला ग्लास घेतला, मान डोलावली. मग लोकांची रीघ लागली. एसटीतून उतरलेली माणसं, मोंढ्यातले हमाल, कॉलेजची पोरं. आणि तुम्हाला सांगतो, जो तो दुसरा ग्लास मागत होता! "अजून एक द्या की," "इकडं भरा जरा." शिवा ओगराळ्यानं वाढत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. कारण हे त्याचं नव्हतंच. हे तर कुणालाही जमलं असतं.

अप्पांनीही एक ग्लास घेतला. मान मागं टाकून वरून धार सोडली. पण मधेच थांबले. ग्लासाकडं बघितलं. उरलेलं हळूहळू संपवलं. चारचौघांत एवढंच म्हणाले, "चांगलं हाय. वाटा, वाटा."

निघायच्या वेळी त्यांनी शिवाला रांजणाच्या मागं बोलावलं. मी रिकामे कॅन उचलायला तिथंच वाकलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. अप्पा उपरण्यानं ग्लास पुसत होते. लेकाकडं बघत नव्हते.

"पाणपोईला हे आणलंस, लई बरं केलंस. लोकांला हेच द्यावं."

"हाव, अप्पा."

अप्पांनी पुसलेला ग्लास फळीवर उपडा ठेवला.

"पण त्या दिशी तुझ्या जगातलं संपलं नव्हतं. माझा दुसरा ग्लास राहिलाय तुझ्याकडं."

आणि ते पुढच्या माणसाला पाणी द्यायला गेले.